मधला पिस्टन

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. पांढरी, कार्ब्युरेटरवाली. अब्बू पोस्टात होते तेव्हा त्यांनी पै पै साठवून घेतलेली. घर मोमिनपुऱ्यातून बेशाला हलले तेव्हा अर्धे सामान तिच्यातूनच आले. कामठीला नानीकडे जायचे, कुणाला दवाखान्यात न्यायचे, ईदच्या दिवशी सगळ्यांना सलाम करून यायचे, ही सारी कामे तिनेच केली. म्हणून ती विकायचा विषय निघाला की अब्बू वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात.

याच गाडीवरून घरात तीन वर्षे अबोला होता. अब्बू आणि आमचा धाकटा भाऊ यांच्यात. त्याचे कारण गेल्या वर्षी इंजिनाच्या पोटात सापडले. ते वाचकांना सांगावेसे वाटले, कारण असे कारण अनेक घरांत कुठेतरी दडलेले असते.

आधी मागचे सांगतो. एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. नागपुरात खाटा नाहीत, ऑक्सिजनसाठी धावाधाव, आणि 'ब्रेक द चेन'च्या निर्बंधांमुळे बाजार बंद. अम्मींना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि नेमक्या त्याच आठवड्यात गाडी तापून बंद पडली. अब्बूंच्या ओळखीचे एक गॅरेजवाले होते, वीस वर्षांचा घरोबा. त्यांनी शटर अर्धे ओढून दोन दिवस, दोन रात्री काम केले आणि गाडी चालू करून दिली. त्या गाडीतून धाकट्याने अम्मींना तीन दवाखाने फिरवले. चौथ्या ठिकाणी खाट मिळाली. अल्हम्दुलिल्लाह, अम्मी बऱ्या होऊन घरी आल्या.

पुढे बिल आले. त्यात लिहिले होते : पिस्टन सेट एक, रिंग सेट एक, गॅस्केट, मजुरी. अब्बूंनी पैसे चुकते केले आणि बिल बिस्किटाच्या डब्यात ठेवले. पोस्टातली सवय, एकही कागद फेकत नाहीत.

तेव्हापासून गाडी उभी असताना थरथरायची. पहिल्यांदा कुणी मनावर घेतले नाही. २०२२च्या मे महिन्यात धाकटा नोकरीच्या मुलाखतीसाठी भर दुपारी ती अमरावतीला घेऊन गेला. परत आला तेव्हा मागून निळा धूर निघत होता. अब्बू म्हणाले, "इंजिन नवे केलेले आहे, बिल माझ्याकडे आहे. तूच तापवून खराब केलेस." धाकटा म्हणाला, "अब्बू, ती आधीपासूनच थरथरते." अब्बूंनी ऐकले नाही. शब्दाला शब्द वाढला. धाकट्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यानंतर त्या गाडीला हात लावला नाही. तो मानेवाड्याला राहतो, बेशापासून काही फार लांब नाही. पण यायचा तो अम्मींना भेटायला, मोटारसायकलवर, अब्बू नमाजला गेलेले असताना.

गेल्या उन्हाळ्यात गाडीने तेल प्यायला सुरुवात केली. आमचा एक माजी विद्यार्थी बेशातच गॅरेज चालवतो. शाळेत असताना गणितात जेमतेम पास व्हायचा, आज मिलिमीटरच्या शतांशात बोलतो. त्याने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पहिल्यात १५० पौंड, तिसऱ्यात १४८, मधल्यात ११५. तो म्हणाला, "सर, तिन्ही सारखे झिजले असते तर तिन्ही उतरले असते. मधल्यात काहीतरी वेगळे आहे. उघडावे लागेल."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला बोलावून घेतले. टेबलावर जुन्या चादरीवर तीन पिस्टन ओळीने ठेवले होते. त्याने काही न सांगता आमच्याकडे पाहिले, जसे आम्ही वर्गात फळ्यावर उदाहरण लिहून मुलांकडे पाहायचो. दोन पिस्टन एकमेकांचे जुळे भाऊ. मधल्याच्या डोक्यावरची खोलगट जागा वेगळ्या आकाराची, आतली कंपनीची खूणही वेगळी. बाकीचे दोन गाडीसोबत आलेले, मूळचेच होते. म्हणजे २०२१ साली सेट बदललाच नव्हता. एकच पिस्टन बदलला होता, तोही दुसऱ्या इंजिनाचा आणि वापरलेला.

"दुसऱ्या इंजिनाचा पिस्टन यात बसलाच कसा?" आम्ही विचारले.

"सर, खानदान एकच आहे ना!"

या खानदानाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. मारुती ८००ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, आणि पिस्टनची वर-खाली धाव ७२ मिलिमीटर. आठवीतल्या मुलाला वृत्तचितीचे घनफळ काढायला सांगा, उत्तर येईल सुमारे २६५.३ घनसेंटीमीटर. गुणिले तीन, ७९६. म्हणूनच '८००'. ओम्नीचे इंजिन याच घराण्याचे. पुढे अल्टो आली तिचेही ७९६, व्यास तोच, धाव तीच. आणि पहिल्या वॅगन-आरचे १०६१ कसे? तेच २६५.३ गुणिले चार. एक सिलिंडर वाढवला, बाकी माप तेच ठेवले. कारखान्याला हे सोयीचे असते, तीच यंत्रे आणि तीच हत्यारे चालतात.

मग पिस्टनची अदलाबदल का करू नये? कारण व्यास हे फक्त एक माप झाले. ८००च्या जुन्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन वाल्व्ह, अल्टोच्या इंजिनात चार. वाल्व्ह उघडताना पिस्टनच्या डोक्याशी भिडू नयेत म्हणून डोक्यावर जी खोलगट जागा ठेवतात, ती त्या त्या इंजिनाच्या वाल्व्हप्रमाणे असते. दुसरे, पिस्टन ज्या पिनीवर कनेक्टिंग रॉडला जोडतात, ती गजन पिन जाडीने जुळली पाहिजे. तिसरे, त्या पिनीच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची. चौथे, रिंगांच्या खाचांची रुंदी. पाचवे, वजन. या पाचांपैकी एक जरी चुकले तरी पिस्टन सिलिंडरमध्ये जातो, गाडी चालूही होते, पण ते इंजिन त्याला आपला मानत नाही.

आमच्या मधल्या पिस्टनचे डोके उंचीला कमी पडत होते. डोके १ मिलिमीटर खाली राहिले की वरच्या कोठीत ३.७ घनसेंटीमीटर जागा वाढते. समजा मुळात ती जागा ३४.५ होती, म्हणजे वायू ८.७ पट दाबला जात होता. आता जागा झाली ३८.२ आणि दाब उरला ७.९ पट. दोन भाऊ जोर लावतात आणि तिसरा मागे राहतो. उलट डोके वर आले असते तर दाब वाढला असता आणि नागपूरच्या मे महिन्यात इंजिन ठोके देऊ लागले असते.

वजन करायला आम्ही तिन्ही पिस्टन धुऊन, पुसून ओळखीच्या सराफाकडे नेले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काट्यावर पिस्टन ठेवले असतील. दोन जवळजवळ सारखे भरले, मधला १४ ग्रॅम जास्त. १४ ग्रॅम म्हणजे किती? मूठभर चण्यांपेक्षाही कमी. पण इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला त्याला थांबवून उलटे फिरवावे लागते. हिशेब केला तर त्या जादा १४ ग्रॅमचा झटका साधारण ५ किलो वजनाइतका होतो, सेकंदाला ५० वेळा. तीन सिलिंडरच्या इंजिनात तिघांचे वजन सारखे असेल तर ते एकमेकांचे झटके बरेचसे सावरून घेतात. एक जड झाला की सावरणे संपते आणि थरथर सुरू होते.

म्हणजे धाकटा खरे बोलत होता. गाडी आधीपासूनच थरथरत होती.

आता प्रश्न होता अब्बूंना सांगायचे की नाही. ते गॅरेजवाले दोन वर्षांपूर्वी वारले. अब्बू त्यांच्या जनाजाला गेले होते. मेलेल्या मित्राबद्दल असे सांगून म्हाताऱ्या माणसाला काय मिळणार? पण न सांगावे तर जिवंत मुलावरचा ठपका तसाच राहणार. रात्री बराच वेळ आम्ही यावर बोललो. शेवटी ठरले की सांगायचे, पण अंदाज म्हणून नाही, वस्तू समोर ठेवून.

संध्याकाळी मगरिबनंतर तिन्ही पिस्टन वर्तमानपत्रावर अब्बूंपुढे मांडले. त्यांनी चष्मा लावला. एकेक हातात घेऊन पाहिला. मग उठून बिस्किटाचा डबा आणला, बिल काढले, 'पिस्टन सेट एक' ही ओळ दोनदा वाचली. आम्हाला वाटले रागावतील. ते फक्त एवढेच म्हणाले, "त्याने मला फसवले?"

उत्तर अम्मींनी दिले. त्या आतल्या खोलीतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्या आठवड्यात नागपुरात सुईसुद्धा विकत मिळत नव्हती. नवा पिस्टन त्याने कुठून आणायचा? जे हाताशी होते ते घातले. ती गाडी चालू झाली म्हणून मी आज बोलते आहे. त्याने केले ते चांगलेच केले. सांगितले नाही, ते चुकले."

आम्ही मुलांना इतकी वर्षे शिकवतो, पण इतकी सरळ फोड आम्हाला सुचली नव्हती.

मदिनेच्या बाजारातली धान्याच्या राशीची हदीस आपल्या घरांत लहानपणापासून सांगतात. वरून धान्य कोरडे दिसत होते. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. पाऊस पडला यात त्याचा दोष नव्हता, आणि त्याला विचारणा झाली ती पावसाबद्दल नव्हतीच. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, हे विचारले गेले. ही गोष्ट आम्ही कितीदा सांगितली असेल, पण तिचा हा भाग त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळला. अडचण येणे हा गुन्हा नाही. अडचणीत जोडतोड करणे हाही गुन्हा नाही, कधी कधी तर ती नेकी असते. गुन्हा सुरू होतो ती ओल आत सारली जाते तेव्हा.

त्या भल्या माणसाने बिलावर एवढेच लिहिले असते की, 'मधला पिस्टन तात्पुरता, दुसऱ्या इंजिनाचा, बाजार उघडल्यावर बदलून घ्यावा', तर अब्बूंनी त्याचे पाय धरले असते. दोन महिन्यांनी पिस्टन बदलला असता. बाकीचे इंजिन झिजले नसते आणि एका बापाने मुलावर नाहक आळ घेतला नसता. कदाचित त्यांना लाज वाटली असेल. कदाचित बिल लिहिणाऱ्या पोऱ्याने सवयीने लिहिले असेल. आता विचारता येणार नाही. अब्बूंनी त्यांच्या मगफिरतीसाठी दुआ केली आणि आम्हाला बजावले की हे नाव घराबाहेर जाता कामा नये. म्हणून ते इथेही लिहिलेले नाही.

इकडे इंजिन उघडेच पडले होते. आमचे एक मामू गाड्यांतले जाणकार समजले जातात. ते म्हणाले, "भंगारात अल्टोचा अख्खा पिस्टन सेट मिळतो, चौथाई किमतीत. तिन्ही एकाच इंजिनाचे घेतले तर वजनाचा प्रश्न मिटला." बोलणे पटण्यासारखे होते. मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने मापाचे डायल सिलिंडरमध्ये उतरवून आम्हाला दाखवले. तिन्ही सिलिंडर झिजून किंचित लांबट झाले होते. मधला सर्वांत जास्त. म्हणाला, "मामू, आता याला बोरिंग करावेच लागेल. अर्ध्या मिलिमीटरने घर मोठे होणार. मग जुना पिस्टन अल्टोचा आणा नाहीतर याच गाडीचा, तो ढिलाच बसणार. पिस्टन आणि भिंत यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट चालते." मामूंनी चहा प्यायला आणि विषय संपला.

मग याच इंजिनासाठी बनवलेला, अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा नवा सेट मागवला. यायला नऊ दिवस लागले. आल्यावर मिस्त्रीने आधी तिन्हींचे वजन केले. प्रत्येक पिस्टनचा व्यास मोजून त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचे बोरिंग त्या मापाने करून घेतले. रिंगा आधी नुसत्याच सिलिंडरमध्ये ठेवून त्यांच्या दोन टोकांमधली फट पात्यांनी मोजली. शेवटी त्याने आमच्या मुलीकडे खेळायची रंगीत माती मागितली. तिला वाटले काका चेष्टा करतात. त्याने मातीची पातळ चकती पिस्टनच्या डोक्यावर ठेवली, वर हेड कसले, हाताने क्रँक पूर्ण दोनदा फिरवली आणि पुन्हा उघडले. मातीत वाल्व्हचे ठसे उमटले होते. सुरीने चकती कापून सर्वांत पातळ जागेची जाडी मोजली. "एवढी जागा शिल्लक आहे. वाल्व्ह भिडणार नाहीत," तो म्हणाला. मूळचाच सेट होता, तरी मोजले. हे त्याला कुणी शिकवले विचारले तर म्हणाला, "एकदा न मोजता बांधले होते सर. ते इंजिन माझ्या खिशातून भरून दिले."

आम्हाला अल-जजरी आठवला. १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या या कारागिराने यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. त्यात समोरासमोरच्या दोन पिस्टनांनी पाणी उपसणारा पंप आहे. पण आम्हाला त्याचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत वाटते. कुठला भाग कसा करायचा, कसा जोडायचा, हे त्याने दुसऱ्या कारागिराला बनवता येईल इतके उघड करून लिहिले. आपल्या हुनराचे त्याने झाकले काही नाही.

खर्च सगळा मिळून १८,००० रुपयांच्या आसपास आला. बिलावर मिस्त्रीने पिस्टनची कंपनी, माप, वजन, सगळे लिहिले, आणि जुने तिन्ही पिस्टन पिशवीत घालून परत दिले. अब्बूंनी नवे बिल डब्यात ठेवले. जुने फाडले नाही, पण त्याच्यावर पेनाने 'सेट' हा शब्द खोडून 'एक' लिहिले.

त्या जुम्म्याला नमाज झाल्यावर अब्बूंनी स्वतः धाकट्याला फोन लावला. इतक्या दिवसांनी काय बोलतील म्हणून आम्ही सारे कान देऊन होतो. ते म्हणाले, "बेटा, गाडी बनून आली आहे. मला कानाने नीट कळत नाही. तू येऊन ऐक, थरथरते का ते सांग." माफीचा शब्द त्यात कुठे नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी जे ऐकून घेतले नव्हते, तेच आता ते विचारत होते.

धाकटा अर्ध्या तासात आला. त्याने गाडी चालू केली, बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "नाही अब्बू, थरथरत नाही." अब्बू पुढच्या सीटवर बसले, अम्मी मागे, आणि तिघे कामठीला नानीकडे गेले. नवे इंजिन पहिले काही दिवस दामटू नये म्हणून धाकट्याने गाडी इतकी सावकाश नेली की पोहोचायला सव्वा तास लागला. अम्मी सांगत होत्या की वाटेत दोघे फक्त इंजिनाबद्दलच बोलत होते. चालेल. कुठून तरी सुरुवात होते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना चार गोष्टी सांगून थांबतो. इंजिन बांधायला द्याल तेव्हा काढलेले जुने भाग मागून घ्या. नवे भाग बसवण्याआधी टेबलावर मांडलेले पाहा, तिन्ही किंवा चारही एकसारखे आहेत ना एवढे तर कुणालाही दिसते. भागाचे माप आणि कंपनी बिलावर लिहून घ्या. आणि अडचणीच्या वेळी जोडतोड करावी लागली तर करा, पण कागदावर तसे लिहा आणि ज्याची वस्तू आहे त्याला सांगा. ही गाडी कधी विकायची वेळ आली तर इंजिन दोनदा उघडले आहे आणि का उघडले, हे आम्हीही घेणाऱ्याला सांगणार आहोत, मग भाव कमी आला तरी चालेल.

मधला पिस्टन आता अब्बूंच्या टेबलावर आहे, वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवलेला. पाहुणे विचारतात हे काय. अब्बू म्हणतात, "वजन आहे. चौदा ग्रॅम जास्त."